मॉन्टिचेलोची जेफर्सन दफनभूमी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल गावाजवळच्या मॉन्टिचेलो टेकडीवर असलेली खासगी कौटुंबिक दफनभूमी. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) याने ती १७७३ मध्ये आपल्याच मळ्यात सुरू केली. अजूनही ती वापरात आहे. त्याच्या दोन मुलींच्या वंशजांनी १९१३ मध्ये स्थापन केलेले ‘मॉन्टिचेलो असोसिएशन’ हे मंडळ तिची मालकी व देखभाल सांभाळते.

व्हर्जिनियातील तंबाखूचे मळे दूरदूर पसरलेले होते आणि चर्च कित्येकदा कोसांवर असे. त्यामुळे मळ्यातलाच एखादा तुकडा घरच्या मृतांसाठी राखून ठेवायची रीत तिकडे सर्रास होती. न्यू इंग्लंडप्रमाणे सगळ्या गावाची मिळून एक दफनभूमी असा प्रकार तिथे कमी. जेफर्सनचा मळा या रीतीला अपवाद नव्हता. वेगळेपण एवढेच, की त्याने हे सगळे आधी कागदावर उतरवले होते. १७७१ मधल्या त्याच्या टिपणात जुन्या ओक वृक्षांखालची निवांत जागा, भोवती सदाहरित झाडे, मध्ये एक लहानसे देऊळवजा बांधकाम अशी कल्पना आहे. तीत अर्धी जागा स्वतःच्या कुटुंबासाठी आणि उरलेली अर्धी परक्यांसाठी व नोकरांसाठी ठेवायची होती. ‘नोकर’ हा त्या काळच्या मळेवाल्यांचा गुलामांसाठीचा सभ्य शब्द. देऊळ कधी बांधलेच गेले नाही आणि ही वाटणीही कागदावरच राहिली.

प्रत्यक्ष सुरुवात एका मित्राच्या मृत्यूने झाली. डॅब्नी कार हा जेफर्सनचा शाळासोबती आणि मेहुणा, म्हणजे बहीण मार्था हिचा नवरा. मे १७७३ मध्ये तो तापाने वारला, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. लहानपणी दोघे या टेकडीवरच्या एका ओकखाली वाचत बसत आणि आधी जाईल त्याला मागे राहिलेल्याने याच झाडाखाली पुरायचे असा त्यांचा करार होता, अशी घरात चालत आलेली कथा आहे. जेफर्सन त्या वेळी घरी नव्हता, म्हणून कारला आधी शॅडवेल या जेफर्सनांच्या जुन्या वास्तूत पुरण्यात आले आणि नंतर त्याचे शव टेकडीवर आणले गेले. याच सुमाराची जेफर्सनच्या वहीतली एक नोंद प्रसिद्ध आहे. दोन गड्यांनी ८० फूट चौरस जागेतली झुडपे आणि मुळ्या साडेतीन तासांत खणून काढल्या. म्हणजे एकट्याला सात तास लागले असते आणि एक एकर साफ करायला ४९ तास. जिवलग मित्राची कबर खणली जात असताना केलेल्या या त्रैराशिकात त्या दोन गड्यांची नावे मात्र नाहीत.

त्यानंतर १७७६ मध्ये आई जेन, १७८२ मध्ये पत्नी मार्था आणि १८०४ मध्ये धाकटी मुलगी मारिया यांना इथेच पुरले. पत्नीच्या थडग्यावर जेफर्सनने इलियडमधल्या ओळी मूळ ग्रीकमध्येच कोरून घेतल्या. टेकडीवर येणाऱ्या किती जणांना त्या वाचता आल्या असतील, हा प्रश्नच आहे. दुःख सर्वांसमोर मांडायचे, पण सर्वांना कळू द्यायचे नाही, असा त्याचा हेतू असावा.

४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ५० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, जेफर्सन वारला. थडग्याचा आराखडा आणि मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. तीन फुटी चौथऱ्यावर सहा फुटी चौकोनी निमुळता स्तंभ आणि त्यावर तीनच कामांचा उल्लेख: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना. दोनदा भूषवलेले राष्ट्राध्यक्षपद त्याने गाळले. दगड खडबडीत घ्यावा, म्हणजे किमतीच्या लोभाने कोणी तो फोडणार नाही, असेही त्याने बजावले होते. १८३३ मध्ये स्तंभ उभा राहिला आणि नेमका तोच फोडला गेला. आठवण म्हणून घरी न्यायला पर्यटक त्याच्या कडांचे टवके काढत राहिले. अखेर १८८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नव्या स्मारकासाठी पैसे मंजूर केले आणि पुढच्या वर्षी जुन्याच्या सुमारे दुप्पट आकाराचा स्तंभ कुंपणाच्या आत उभारला गेला. झिजलेला मूळ स्तंभ मिझुरी विद्यापीठाला देण्यात आला. १८०३ मध्ये जेफर्सनच्या कारकिर्दीत फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना प्रदेशात स्थापन झालेले हे पहिले राज्य विद्यापीठ. कोलंबिया येथील त्याच्या आवारात तो स्तंभ आजही आहे.

जेफर्सन डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज ठेवून गेला. जानेवारी १८२७ मध्ये मळ्यावरच्या गुलामांचा लिलाव झाला, १८३१ मध्ये घर विकले गेले. पुढे नौदलातला ज्यू अधिकारी युराया लेव्ही याने ते घेतले आणि लेव्ही घराण्याने १९२३ पर्यंत ते राखले. युरायाची आई रेचेल हिची कबर वाड्याजवळच आहे. एवढ्या उलाढालीत जेफर्सनच्या वारसांनी दफनभूमीची मालकी मात्र सोडली नाही. म्हणूनच आज वाडा एका न्यासाकडे आणि कबरी वंशजांच्या मंडळाकडे अशी विभागणी दिसते.

गुलामांची दफनभूमी २००१ मधील उत्खननात वाहनतळालगत सापडली. मातीचा वरचा थर काढून किमान २० कबरींच्या खुणा ओळखता आल्या. त्यांपैकी एकीतही कोण आहे, हे सांगता येत नाही. जेफर्सनपासून मुले झाल्याचे बहुतेक इतिहासकार आता मानतात, ती गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज १८३५ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये वारली. तिची कबरही अज्ञात आहे. जेफर्सनच्या पुरुषवंशातील जनुकीय खूण तिचा मुलगा एस्टन याच्या वंशजात आढळल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हेमिंग्ज वंशजांनी मंडळाचे सदस्यत्व मागितले. या सदस्यत्वाबरोबर दफनभूमीत जागा मिळण्याचा हक्कही येतो. २००२ मध्ये मंडळाने मतदान घेऊन ही मागणी फेटाळली.