उपदेशापासून समुपदेशनापर्यंत



वैद्याकडे जाताना तेथे काय होणार हे आपणांस ठाऊक असते. तो नाडी पाहील, चार प्रश्न विचारील आणि औषध लिहून देईल. वकिलाकडे जाताना आपण कागदपत्रांची पिशवी काखोटीला मारून जातो. तो कलम सांगतो, फी सांगतो. परंतु समुपदेशकाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या मनुष्याला, आत काय होणार याची बहुधा काहीच कल्पना नसते. त्याच्या मनात एक आशा असते आणि एक भीती. आशा अशी की, आत बसलेला जाणकार आपली हकीकत दहा मिनिटे ऐकेल आणि निकाल देईल. मुलाला दटावील, सुनेला समजावील, धन्याला अक्कल शिकवील. भीती अशी की, तो आपल्याला वेडा ठरवील. प्रत्यक्षात दोन्हींपैकी काहीच घडत नाही. तासभर बोलून तो मनुष्य घरी येतो आणि म्हणतो, "त्यांनी तर काहीच सांगितले नाही!" मग दुसऱ्या भेटीला तो जात नाही, आणि ज्या दुःखासाठी मोठ्या धैर्याने उंबरठा ओलांडला ते दुःख तसेच घरी राहते.

या गैरसमजाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. शब्द ऐकताच वडीलधाऱ्यांची बैठक डोळ्यांपुढे येते. परंतु या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर तो नेमका उलट्या दिशेने गेलेला दिसतो. ही उपदेश वाढत गेल्याची कथा नव्हे, तो हळूहळू कमी होत गेल्याची कथा आहे. आज समुपदेशकाच्या खोलीत जे नियम आपल्याला चमत्कारिक वाटतात, त्यांतील प्रत्येक नियम कोणाच्या तरी अनुभवातून, पुष्कळदा चुकीतून, जन्मास आला आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे भगवद्गीता असताना परदेशात कशाला जावे? शंका रास्त आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. गीतेच्या पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ बोलतच नाही. समोर जमलेल्या कुरूंकडे पाहा, एवढेच म्हणतो. बाकीचा विषाद अर्जुनाला पुरता बोलून टाकू देतो. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर निर्णय अर्जुनावरच सोपवतो. आधी ऐकणे आणि शेवटी निर्णय ज्याचा त्याला देणे, ही दोन टोके आपल्याला अपरिचित नाहीत. फरक मधल्या भागात आहे. श्रीकृष्ण अर्जुनाचा सखा होता, आप्त होता, त्याच्या रथाचा सारथी होता. आजचा समुपदेशक यांपैकी कोणीच नसतो, आणि नसावा, असे हे शास्त्र सांगते. ते का, हे पाहण्यासाठी व्हिएन्ना शहरात जावे लागेल.

1880 साली तेथे योझेफ ब्रॉयर नावाचा नामांकित वैद्य एकवीस वर्षांच्या एका तरुणीवर उपचार करू लागला. तिचे नाव बेर्टा पापेनहाइम. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती. हातपाय लुळे पडत, दृष्टी बिघडे, मातृभाषा बोलता येईनाशी होई. ब्रॉयरच्या ध्यानात आले की, मनात साचलेले ती बोलून टाकते तेव्हा तिला उतार पडतो. या प्रकाराला तिनेच नाव दिले : 'बोलण्याचा उपचार'. थट्टेने ती त्याला 'धुराडे झाडणे' असेही म्हणे. या शास्त्राला त्याचे पहिले नाव वैद्याने दिले नाही, रोग्याने दिले!

1895 साली ब्रॉयर आणि सिग्मुंड फ्रॉइड यांनी ही हकीकत 'आना ओ.' या टोपणनावाने ग्रंथात छापली. त्याच ग्रंथात फ्रॉइडने आपल्या एका रुग्णाईत बाईंची गोष्ट प्रांजळपणे नोंदली आहे. तो सारखे 'हे कशामुळे, ते कशामुळे' विचारी, तेव्हा बाईंनी त्याला सुनावले की, मला जे सांगायचे आहे ते आधी सांगू द्या. फ्रॉइडने ते मानले. तज्ज्ञाने गप्प बसावे, हा पहिला धडा अशा रीतीने मिळाला.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रंथात बेर्टा बरी झाल्यासारखी दिसते. वस्तुतः 1882 साली ब्रॉयरचे उपचार थांबल्यावर तिला आरोग्यगृहात राहावे लागले. पुढे ती सावरली, आणि कशी! 1904 साली तिने जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना उभारली आणि निराधार मुलींसाठी आयुष्य वेचले. बोलण्याने उतार पडतो हे खरे. बोलले की सर्व मिटले, हे खरे नव्हे.

1913 साली फ्रॉइडने उपचाराचा आरंभ कसा करावा यावर एक निबंध लिहिला. ठरलेला तास रुग्णाच्या मालकीचा असावा आणि पैशाची गोष्ट सुरुवातीलाच उघड बोलावी, असे त्याने त्यात सांगितले. किती दिवस लागतील, या प्रश्नावर त्याने इसापाची गोष्ट दिली आहे. वाटसरूने विचारले, गाव किती लांब? उत्तर मिळाले, चाल. कारण चाल पाहिल्यावाचून वेळ सांगता येत नाही. आजचा समुपदेशक पहिल्याच भेटीत मुदतीची हमी देत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

आता अमेरिकेत जाऊ. तेथे हा विषय आजारातून आला नाही, पोटाच्या प्रश्नातून आला. खेड्यांतून आणि परदेशांतून आलेली तरुण मुले बोस्टन शहरात मिळेल ते काम धरीत आणि सोडीत. 1908 च्या जानेवारीत फ्रँक पार्सन्स याने तेथे व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्याच वर्षी तो वारला. त्याचे पुस्तक 1909 साली, त्याच्यामागे, प्रसिद्ध झाले. स्वतःला ओळखा, धंद्यांची माहिती घ्या, आणि दोहोंचा मेळ विचाराने घाला, अशी त्याची त्रिसूत्री होती. वागण्याबोलण्यासंबंधी तो स्पष्ट सूचना देई. म्हणजे उपदेश होताच. तरी एक तत्त्व त्याने मांडून ठेवले : दुसऱ्याचा व्यवसाय आपण ठरवू शकत नाही, त्याला नीट ठरवता यावे एवढीच मदत करू शकतो.

या तत्त्वाला पूर्ण रूप दिले कार्ल रॉजर्स याने. रॉचेस्टर येथे मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात तो काम करीत असे. एका व्रात्य मुलाच्या आईला त्याने कित्येक भेटींत पटवू पाहिले की, दोष मुलात नाही, तुमच्या वागण्यात आहे. निदान बिनचूक असेल, उपयोग शून्य. शेवटी दोघांनी हार मानली. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि वळून म्हणाल्या, "येथे मोठ्या माणसांसाठी काही सोय आहे का?" मग त्या परत बसल्या आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी बिघडलेल्या संबंधांची कथा सांगू लागल्या. खरी मदत तेव्हा सुरू झाली. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच कळते, ही गोष्ट रॉजर्सने या प्रसंगातून उचलली.

1942 साली त्याने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यात एक अपूर्व गोष्ट केली. एका अशिलाच्या आठ भेटींचे संभाषण ध्वनिमुद्रित करून त्याने शब्दशः छापले. बंद खोलीत काय चालते, हे प्रथमच जगाला वाचायला मिळाले. कोण किती बोलतो हे मोजण्याचीही सोय झाली, आणि सल्ला देणारे समुपदेशक इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक बोलतात असे आढळले. पुढे 1957 साली त्याने म्हटले की, समुपदेशकाचा सच्चेपणा, बिनशर्त आदर आणि समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे, यांनी मनुष्यात बदल घडतो. हे अगदीच पुरेसे आहे काय, यावर वाद झाले. 1955 च्या सुमारास अल्बर्ट एलिस याने विवेकनिष्ठ पद्धत मांडली. तिच्यात समुपदेशक आपल्या चुकीच्या समजुतींना सडेतोड प्रश्न विचारतो आणि घरी करायला अभ्यासही देतो. म्हणून सर्व समुपदेशक सारखे नसतात. तुमची पद्धत कोणती, असे विचारण्यास संकोच नको.

लंडनमधील एक हकीकत मला फार बोलकी वाटते. चॅड व्हारा या तरुण धर्मोपदेशकाला 1935 साली एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. वयात येतानाच्या शारीरिक बदलाला ती रोग समजली होती, आणि विचारायला तिला कोणी नव्हते. ती गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. 1953 च्या नोव्हेंबरात त्याने आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि निराश माणसांना बोलावले. गर्दी झाली. वाट पाहणाऱ्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक बसले. थोड्याच दिवसांत व्हाराला दिसले की, स्वयंसेवकांशी बोलून झालेल्या पुष्कळांना आता त्याला भेटण्याची गरजच उरत नाही! पुढच्या वर्षी त्याने ऐकण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. ज्याचा धंदाच उपदेशाचा, त्याने चहा देणाऱ्यांपुढे उपदेश मागे घेतला.

मग प्रश्न येतो : नुसत्या ऐकण्यानेच भागते, तर शिकलेल्या माणसाची गरज काय? आणि याने गुण येतो याला पुरावा काय? 1952 साली हान्स आयझेंक याने हा प्रश्न कठोरपणे विचारला. उपचार न घेणारेही तितकेच बरे होतात, असे त्याचे म्हणणे होते. या धक्क्याने संशोधन वाढले. 1977 साली मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी सुमारे पावणेचारशे अभ्यास एकत्र तपासले. उपचार घेतलेला सर्वसाधारण मनुष्य, न घेतलेल्यांपैकी शेकडा 75 जणांपेक्षा बरा असतो असा निष्कर्ष निघाला. गुण येतो, पण प्रत्येकाला येतोच असे नाही.

शिकलेल्या माणसाची गरज कोठे पडते, ते कॅलिफोर्नियातील तारासॉफ खटल्याने दाखवले. 1969 साली एका विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाजवळ एका तरुणीला मारण्याचा विचार बोलून दाखवला. तज्ज्ञाने पोलिसांना कळवले, परंतु तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केले नाही. तिचा खून झाला. 1976 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जेथे दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे तेथे तज्ज्ञावर त्याला वाचवण्याचे कर्तव्य येते. गुप्तता पवित्र आहे, पण तिलाही मर्यादा आहे. आपल्या देशात 2018 पासून अमलात आलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि जिवाला धोका यासारखे अपवाद सांगितले आहेत.

आपला देश या इतिहासात केवळ प्रेक्षक नव्हता. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली मनोविश्लेषणाची संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि मतभेदही होते. मुंबईत 1936 साली सुरू झालेल्या टाटांच्या समाजकार्य शाळेने पुढच्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र उघडले. एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. 1990 साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी राहिली. 2022 च्या ऑक्टोबरात सरकारने 14416 या क्रमांकावर फुकट दूरध्वनी-सेवा सुरू केली.

तर मग दाराशी उभ्या असलेल्या आपल्या माणसाला काय सांगावे? पहिल्या भेटीत निकाल लागणार नाही. प्रश्न विचारले जातील. वेळ ठरलेली असेल, बहुधा पाऊण तास ते तास, आणि ती तुमची असेल. फी आणि गुप्ततेची मर्यादा आधी सांगितली जाईल. न सांगितल्यास विचारा. शिक्षण आणि प्रशिक्षणही विचारा. हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे. औषधाची गरज भासली तर तो तुम्हाला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवील, कारण औषध देणे त्याचे काम नव्हे. तो तुमचा मित्र होणार नाही, सोयरा होणार नाही, तुमच्या घरच्या भांडणात पक्ष घेणार नाही. जुन्या जखमेवरची खपली निघाल्याने एखाद्या भेटीनंतर मन अधिक जड होईल. तसे झाले तर पुढच्या भेटीत तेच सांगा. काही भेटींनंतरही सूर जुळला नाही तर दुसरा समुपदेशक पाहण्यास मोकळे आहात. आणि हमखास गुणाची ग्वाही जो पहिल्याच दिवशी देईल, त्याच्यापासून सावध राहा.

"त्यांनी तर काहीच सांगितले नाही" असे म्हणत घरी येणाऱ्याला कोणी एवढेच विचारावे, "पण तुम्ही काय सांगितलेत?" ज्या गोष्टी वीस वर्षांत बायकोजवळ, भावाजवळ उच्चारल्या नव्हत्या, त्या त्या तासात प्रथमच ओठांवर आल्या असतील, तर तो तास वाया गेलेला नाही. दुसऱ्या भेटीला अवश्य जावे.