चांदमारीचा हिशेब

23 ऑक्टोबर 1824 रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्याला टिपणारा राणी चन्नम्माचा अंगरक्षक अमटूर बाळप्पा, असं बेळगाव-धारवाडकडे आजही सांगतात. या मुलुखातला हा सगळ्यांत गाजलेला नेम. त्याचे गुण कोणी मोजले नाहीत. मोजायची गरजच पडली नाही. लढाईत आणि शिकारीत गोळीचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

स्पर्धेत मात्र पंचाईत होते. दोनशे यार्डांवरच्या फळीला पडलेलं करंगळीएवढं भोक झाडणाऱ्याला दिसत नाही, शेजारच्या प्रतिस्पर्ध्यालाही दिसत नाही. गोळी कुठे लागली हे तिसऱ्याच कोणीतरी सांगायचं आणि बाकीच्यांनी ते मानायचं. रायफल स्पर्धा भरवणं म्हणजे मुख्यतः या तिसऱ्या माणसाची व्यवस्था लावणं. बंदुका, काडतुसं, मैदान यांचं पैसे असले की भागतं. या माणसाला बसायला जागा, त्याच्या जिवाची हमी आणि त्याच्या शब्दाला किंमत, हे जमून यायला कित्येक वर्षं गेली.

आजच्या पद्धतीचं मूळ लंडनजवळच्या विंबल्डनच्या माळावर धरायला हरकत नाही. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन चालून येईल या धास्तीने 1859 साली इंग्लंडात नागरिकांची स्वयंसेवक पथकं उभी राहिली. त्याच वर्षी तिथली नॅशनल रायफल असोसिएशन निघाली, आणि 2 जुलै 1860 रोजी तिच्या पहिल्या स्पर्धेची पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. झाडली म्हणजे काय, व्हिटवर्थ या कारखानदाराने आपली रायफल लोखंडी घोडीवर आधीच रोखून जखडून ठेवली होती. राणीसाहेबांनी फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर बसली. पाहुण्यांच्या हातून फुटायच्या नारळाला आधीच तडा देऊन ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळची निशाणं लोखंडी पत्र्याची. बाजूला लोखंडाच्याच आडोशात मार्कर बसे. शिसं पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला की तो डोकावून जागा पाही, ठरलेल्या रंगाचा झेंडा वर करी आणि डागावर रंगाचा हात फिरवून फळी पुन्हा कोरी करी. पुढे जमिनीत खंदक खणले. मार्कर खाली, त्याच्या डोक्यावर चौकटीत वरखाली सरकणारी कापड-कागदाची फळी, आणि फळीमागे गोळ्या गिळणारा मातीचा उंच बांध, म्हणजे बट. गोळी लागली की फळी खाली ओढायची, भोकावर कागद चिकटवायचा, फळी वर सोडायची आणि लांब दांडीच्या चकतीने जागा दाखवायची. रेंजवर लाल झेंडा आहे तोवर कोणी आत फिरकायचं नाही. पलटणींच्या रेंजवरही हीच व्यवस्था.

तरी एक गोष्ट मार्करच्या हातात नसते. 1874 साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. मिल्नर नावाच्या आयरिश गड्याने गोळी अगदी मध्यावर मारली, पण शेजारच्या फळीवर. शून्य. अमेरिका 934, आयर्लंड 931. मध्याला तेव्हा चार गुण होते, म्हणजे तीच गोळी आपल्या फळीवर बसती तर सामना फिरला असता. त्यानंतर 130 वर्षांनी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मॅट एमन्सने तेच केलं. शेवटची गोळी, हातात तीन गुणांची आघाडी, आणि नेम शेजारच्या लेनवर. सुवर्णपदक चीनच्या जिया झानबोकडे गेलं. बसायच्या जागेचा आकडा आणि फळीचा आकडा लांबून ठसठशीत दिसेल असा रंगवा, हे स्पर्धा भरवणाऱ्याला पहिल्याच बैठकीत बजावतात ते उगाच नाही.

आपल्याकडे हा सरंजाम पलटणीबरोबर आला, पण अविश्वासाच्या वातावरणात आला. 1857 चं वर्ष एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसावरून पेटलं. 31 जुलैला कोल्हापुरात 27वी पलटण उठली. उठाव मोडल्यावर सरकारने देशी शिपायांसाठी मुद्दाम एक बंदूक काढली. दिसायला एन्फिल्डच, पण नळीच्या आतल्या पेचदार खाचा नाहीत. खाचा गेल्या की गोळीला फिरकी मिळत नाही आणि लांबच्या पल्ल्यावर तिचा भरवसा उरत नाही. शिपायाने बंदूक चालवावी, पण नेम फार धरू नये, असा तो हिशेब होता. पुढेही बराच काळ देशी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनं हत्यार राहिलं. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाची बंदूक परवान्यावर गेली. चषक लावून रायफलीच्या स्पर्धा खेळणं हे गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या स्वयंसेवक पथकांचं प्रकरण होऊन बसलं. सदर्न मराठा रेल्वेच्या नोकरांचं असं एक रायफल पथक धारवाडला होतं. नावात मराठा, पथकात मराठा नाही.

मराठ्याला नेम शिकवला तो पलटणीनेच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. कोकण, सातारा, कोल्हापूर आणि सीमाभागातली पोरं तिथे रिक्रूट म्हणून येतात आणि कधी बंदुकीमागे, कधी बटखाली उभी राहतात. छावणीच्या गावात चांदमारी नावाची एखादी जागा हमखास असते. फळीवरचा गोल तो चांद. बट, डिटेल (एका वेळी झाडणारी तुकडी), राउंड (काडतूस), खोखा (काडतुसाचं रिकामं टरफल) हे शब्द सुट्टीवर आलेल्या जवानांबरोबर गावात उतरले.

हे सगळं जवळून पाहायचं तर एनसीसीच्या फायरिंगचा दिवस गाठावा. रायफल पॉइंट टू-टू, अंतर 25 यार्ड, प्रत्येकाला पाच राउंड. पोरं-पोरी ओळीने पालथी पडतात, कोपर मातीत रुततं. राउंड मोजून हातात दिले जातात आणि तसे रजिस्टरात चढतात. उस्तादांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, हुकमाशिवाय बोल्टला हात लागत नाही. गोळीबार संपला की एकेक कॅडेट उभा राहून हिंदीत जाहीर करतो, आपल्याकडे जिवंत राउंड किंवा रिकामा खोखा नाही, श्रीमान. मग खोख्यांची मोजदाद. पाच दिले, पाच परत. एक कमी भरला की सगळी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाळते, आणि तो सापडेपर्यंत जेवणाचं नाव कोणी काढत नाही. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. पण रेंजवरून एक राउंड गुपचूप बाहेर गेला तर काय होईल याचा विचार ज्याने केलाय, तो मुकाट्याने गवत चाळतो.

त्यानंतर कागद येतो. पाच भोकं केवढ्या घेरात मावली ते मोजायचं, त्याला ग्रुप म्हणतात. ग्रुप मध्यावर नसून कोपऱ्यात असला तरी उस्ताद खूश असतात, फक्त तो आवळ असला पाहिजे. कोपऱ्यातला ग्रुप साइट फिरवून मध्यावर आणता येतो. पसरलेल्या ग्रुपला इलाज एकच, आणखी सराव.

नागरी स्पर्धेचा सांगाडा उभा राहिला तो 1951 मध्ये, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या रूपाने. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची, राजकारण गांधीजींच्या मागून, आणि पद लोकसभेच्या पहिल्या सभापतीचं. अहिंसेच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला माणूस रायफलवाल्यांचा म्होरक्या झाला, याची गंमत वाटते खरी. पण मला ती निवड बरोबर वाटते. दोन्ही बाजूंनी ज्याचा शब्द मानायचा असा तिसरा माणूस, हेच तर सभापतीचं काम. त्यांचं नाव आज पूर्वराष्ट्रीय स्पर्धेला आहे. नव्या पिढीतल्या कितीतरी मुलांना मावळंकर ही व्यक्ती ठाऊक नसते. ‘यंदा मावळंकर खेळलास का?’ एवढाच त्या नावाशी त्यांचा संबंध.

जिल्हा, राज्य, विभाग, मग देश अशी ही उतरंड आहे, आणि सीमाभागात तिचा पीळ लक्षात येतो. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याच जिल्ह्यातल्या निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. तिथे रेंज आहेत, प्रशिक्षक आहेत, रोज मराठीत दटावणारी माणसं आहेत. पण निपाणीच्या मुलाची राज्य संघटना बेंगळुरूला, पाचशे किलोमीटरच्याही पलीकडे, आणि त्याचा विभाग दक्षिण; कोल्हापूरच्या मुलाचा पश्चिम. एनसीसीत तर आणखी मजा. निपाणीला लागूनच असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात. निपाणीतल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाने त्या कॉलेजात आणि दुसऱ्याने गावातल्या बागेवाडी कॉलेजात नाव घातलं आणि दोघेही एनसीसीत गेले, तर एकाचं डायरेक्टोरेट महाराष्ट्र आणि दुसऱ्याचं कर्नाटक-गोवा. एका घरातले दोघे एकमेकांविरुद्ध नेम धरायला मोकळे.

कोल्हापूरने या खेळात काय केलं हे इकडच्या पोरांना पाठ असतं. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनची जगज्जेती झाली. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी 451.4 गुणांसह तिसरा आला. 50 मीटर थ्री पोझिशनमधलं भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. नोकरीने तो तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. गोऱ्या रेल्वे नोकरांचा रायफलीचा शौक फिरत फिरत असा मराठी पोराकडे आला.

या खेळाची एक धावती पाती परदेशात निघाली. 1976 साली अमेरिकेतल्या कोलंबिया, मिझुरी इथे जेफ कूपर आणि मंडळींनी प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. त्यात नेमबाज पळतो, आडोशाआडून झाडतो, मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. आपल्याकडे .303 किंवा 7.62 या सरकारी बोअरच्या रायफली साध्या परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे रायफल घेऊन पळत नेम धरायचा तो जवानांनी आणि पोलिसांनी. बेळगावला सैन्याचा कमांडो विंग आहे, ते त्यांचं अंगण. प्रॅक्टिकल शूटिंगमधली हिशेबाची रीत मात्र मला आवडते: नेमबाज आणि पंच दोघे मिळून निशाणापाशी चालत जातात, गुण मोठ्याने बोलले जातात, मगच भोकावर पट्टी लागते.

लहान गावात जी स्पर्धा भरते ती बहुतेक 10 मीटर एअर रायफलची. इथे खंदक नाही, बट नाही. तारेवरून कागद पुढे जातो आणि मागे येतो. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे नेम लागला की ठिपका नाहीसाच होतो! नियमाने एका कागदावर एकच गोळी. साठ गोळ्यांच्या स्पर्धेला चाळीस जण आले तर 2400 कागद, शिवाय चाचणीच्या गोळ्यांचे वेगळे. सगळ्यांवर आधी अनुक्रमांक घालायचे, नंतर त्याच क्रमाने तपासायचे. वर्तुळाच्या रेघेला भोक शिवलं की वरचा गुण मिळतो, आणि सगळी भांडणं या शिवण्यावरच होतात. अशा वेळी डबीतून गेज निघतो, खिळ्यासारख्या दांडीला कडं असलेला. तो भोकात सरळ बसवायचा आणि कड्याची कड कुठल्या रेघेला भिडते ते भिंगातून पाहायचं. गेज एका भोकात एकदाच घालायचा असतो. पुन्हा घातला तर कागद सैलावतो आणि भोक खोटं बोलू लागतं. म्हणून ज्याने घातला त्याने तिथेच निकाल लिहून आद्याक्षरं टाकायची.

मोठ्या रेंजवरून हे दृश्य आता गेलं. इलेक्ट्रॉनिक निशाण स्वतःच जागा ओळखतं आणि 10.9 पर्यंतचा गुण दशांशासकट पडद्यावर दाखवतं. यंत्राने दिलेला गुण मान्य नसेल तर दाद मागता येते, पण दावा फेटाळला गेला तर फी भरावी लागते आणि वर दोन गुण कापले जातात. त्यामुळे हात वर करण्यापूर्वी माणूस विचार करतो. आणि दावा तपासायचा कसा, तर त्या निशाणामागे एक साधा कागद लावलेला असतो. डिटेल संपली की पंच तो काढून घेतात, त्यावर लेनचा नंबर घालतात आणि भोकं मोजायला बसतात.