तीन-चार मोती आणि एक धड

पानिपतावर मराठीत जेवढं लिहिलं गेलं, त्यातला मोठा भाग लढाई का हरलो या एकाच प्रश्नावर खर्ची पडला आहे. लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात जे काम चाललं होतं, त्याच्याकडे आपलं लक्ष फारसं जात नाही. १४ जानेवारी १७६१ला लढाई झाली. दुसऱ्या दिवशी अब्दालीच्या बाजूचा अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला आपली माणसं घेऊन प्रेतांच्या राशींमधून फिरत होता. त्याच्याबरोबर मराठ्यांच्या बाजूचे वकील होते, माणसं ओळखू शकतील असे पंडित होते, आणि पखाली घेतलेले भिस्ती होते. रक्ताने आणि चिखलाने माखलेले देह धुऊन काढायचे, मग निरखून पाहायचे, असा क्रम होता. ज्या देहांना शीर नव्हतं, ते जास्तच बारकाईने पाहिले जात होते. शोध मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचा होता.

हा सगळा वृत्तान्त काशीराज पंडिताने लिहून ठेवला आहे. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाच्या चाकरीत होता आणि तहाच्या बोलण्यांतही त्याचा हात होता. तो सांगतो, की यशवंतराव पवारांचा देह सापडला, संताजी वाघांचा सापडला. वाघांच्या अंगावर चाळीस जखमा होत्या. भाऊंचा मात्र पत्ता लागेना. शेवटी एक शिरविरहित धड उचललं, तेव्हा त्याच्याखाली तीन-चार मोती निघाले. एकेकाची किंमत तीन-चारशे रुपये. असे मोती कोणा शिलेदाराच्या अंगावर असणार नाहीत, हे उघड होतं. तिथून पुढे त्या धडाची तपासणी सुरू झाली आणि हे भाऊच, असा निर्वाळा बरोबरच्या पंडितांनी दिला.

एवढ्या हकिकतीवरून ‘मोत्यांवरून भाऊ ओळखले’ असं सरसकट लिहिलं जातं. माझं म्हणणं असं, की मोत्यांनी भाऊ ओळखले नाहीत. प्रेताजवळची वस्तू शोध कुठे थांबवायचा एवढंच सांगते. माणूस कोण हे ठरतं ते देहावरच्या खुणांनी, आणि ते जगाला पटतं की नाही, हे खुणा पाहणाऱ्यांच्या शब्दाला किती वजन आहे यावर अवलंबून असतं. पानिपतावर पहिल्या दोन गोष्टी जुळल्या, तिसरी जुळली नाही. पुढे पुण्याला त्याची जबर किंमत मोजावी लागली.

आधी मोत्यांकडेच पाहू. लढाईनंतरच्या मैदानात वस्तू म्हणजे लुटारूंच्या नजरेतून जे सुटलं ते. शिरपेच, कंठी, चौकडा, कडी, बोटातल्या अंगठ्या, कमरेचा शेला, हे सगळं पहिल्या तासाभरातच जातं. उरतं ते घरंगळलेलं, अंगाखाली दबलेलं, किंवा लुटणाऱ्याला कवडीमोलाचं वाटलेलं. म्हणून प्रेताजवळ सापडलेल्या वस्तूंवरून त्या माणसाचा थाट अजमावायला जाणं धोक्याचं आहे. श्रीरंगपट्टणात ४ मे १७९९च्या रात्री टिपूचा देह वेशीतल्या प्रेतांच्या खचातून मशालींच्या उजेडात बाहेर काढला. अंगावर दागिना म्हणून काही नव्हतं, पागोटंही गेलेलं. पांढरा सदरा, फुलाफुलांच्या छिटाची सुरवार, कमरेला तांबडं वस्त्र आणि दंडाला बांधलेला ताईत, असं थोडकंच उरलं होतं. जवाहीर लुटणाऱ्याने ताईत तेवढा सोडला. नुसती वस्तूंची यादी वाचली, तर हा एखादा सुखवस्तू सरदार वाटेल. तिथेही ओळख पटली ती चेहरा पाहणाऱ्या त्याच्या माणसांनी सांगितलं तेव्हाच.

पानिपतच्या मोत्यांबद्दल एक शंका रास्त आहे. त्या मैदानात मोती वापरणारे भाऊ एकटेच नव्हते. कानात भिकबाळी आणि गळ्यात कंठी घालणारे सरदार, मुत्सद्दी, सावकार असे कितीतरी तिथे पडले होते. एखाद्याचा सर तुटून मोती मातीत पडले असतील आणि नंतर दुसराच कोणी त्यांवर कोसळला असेल. हे अशक्य नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मोती वरती विखुरलेले नव्हते, धड उचलल्यावर खाली मिळाले. आणि त्या धडाला शीर नव्हतं. मान तोडली की गळ्यातला सर तुटणारच आणि त्यातले काही मणी देहाखाली जाणारच. शीर कापणाऱ्याने हाताला लागलं ते उचललं. धड उलथून खाली चाचपायला त्याला सवड मिळाली नसावी. शीर पुढे एका दुराणी स्वाराकडे सापडलं, असं काशीराज सांगतो. सर तुटल्याचा हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण मोती आणि शीर नसणं या दोन सुट्या गोष्टी नसून एकाच घटनेच्या खुणा असाव्यात, असं यावरून म्हणता येतं. अर्थात एवढ्याने फार तर ‘हा कोणी बडा माणूस’ इथवरच पोचता येतं.

पुढचं अंतर देहानेच कापलं. काशीराजाने नोंदवलेल्या खुणा एका वजनाच्या नाहीत आणि त्या वेगवेगळ्या तोलूनच घ्यायला हव्यात. तळपायावर ज्योतिषी ज्यांना पद्म-मत्स्य म्हणतात त्या शुभ रेषा होत्या, असं तो लिहितो. ही खूण मी बाजूला ठेवीन. थोर माणसाच्या पायावर थोरपणाच्या रेषा शोधणाऱ्याला त्या सापडतातच. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता. ही खूण चांगली, पण ती ठाऊक असणारी माणसं थोडी. भाऊ रोज बाराशे नमस्कार घालत अशी ख्याती होती आणि या देहाच्या गुडघ्यांवर आणि हातांवर तसे घट्टे होते. ही खूण डोळ्यांसमोर आणून पाहावी. वर्षानुवर्षं रोज पहाटे जमिनीला टेकून टेकून जाड आणि काळपट झालेली कातडी. घोड्यावर बसणाऱ्याचे घट्टे मांड्यांच्या आतल्या अंगाला पडतात, तलवारबाजाचे मुठीच्या बोटांना. तळवा आणि गुडघा यांवर एकदम घट्टे पडायला नमस्कारच लागतात. तरीही नमस्कार घालणारे पेशव्यांच्या फौजेत कमी नव्हते. ही खूण गटाची आहे, व्यक्तीची नाही.

व्यक्तीची म्हणावी अशी खूण एकच, आणि ती पाठीवर होती. १७५९ मध्ये पुण्यात मुजफरखान गारद्याच्या कटातून भाऊंवर कट्यारीचा वार झाला होता. भाऊ बचावले, मुजफरखानाला देहान्त शिक्षा झाली. ही घटना दडलेली नव्हती. वार कोणी केला, कधी केला, कुठे लागला, हे शहराला माहीत होतं. पानिपताच्या वेळी त्या जखमेला सव्वा-दीड वर्षच झालं होतं, म्हणजे वण ताजा असणार. जिचा उगम आणि काळ आधीपासून माहीत आहे, अशी खूण जेव्हा मोती, काळा डाग आणि नमस्कारांचे घट्टे यांच्याबरोबर एकाच देहावर सापडते, तेव्हा योगायोगाला फारशी जागा उरत नाही. ओळख अशी बेरजेने होते. त्या बेरजेत मोत्यांचा वाटा पहिला होता, मोठा नव्हता.

यावर अभ्यासकांचा एक नेहमीचा आक्षेप आहे. काशीराजाने हा वृत्तान्त १७८०च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर जवळपास वीस वर्षांनी, फार्सीत लिहिला. आपल्याकडे तो बराचसा जेम्स ब्राउनच्या इंग्रजी भाषांतरातून आला. वीस वर्षांनी आठवलेल्या गोष्टीला नक्षीकाम चढतंच. मोती, रेषा, बाराशे नमस्कार हे त्यातलेच कशावरून नाहीत? आक्षेप नाकारण्यासारखा नाही. बाराशे हा आकडा मी तोंडी लावण्यापुरताच घेईन. पण याच वृत्तान्तात एक तपशील असा आहे जो रचणाऱ्याने रचला नसता. तो देह सुमारे पस्तीस वर्षांच्या माणसाचा दिसत होता, असं काशीराज म्हणतो. भाऊंचा जन्म १७३०चा. पानिपताला ते तीस वर्षांचे. गोष्ट जुळवून सांगायची असती, तर वय बरोबर लिहिणं सगळ्यात सोपं होतं. पाहणाऱ्याला धड पाहून जे वाटलं ते त्याने लिहिलं आणि ते पाच वर्षांनी चुकलं. शीर नसलेल्या देहाच्या वयाचा अंदाज पाच वर्षांनी चुकणं यात आश्चर्य काहीच नाही. उलट, ही चूक मला त्या वृत्तान्ताच्या बाजूची साक्ष वाटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओळख इतकी पक्की होती, तर पुण्याने ती मानली का नाही? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या, तिथून सुटून पुण्याला परत आल्या आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सवाष्णीच राहिल्या. कुंकू त्यांनी पुसलं नाही. रोहतक जिल्ह्यातल्या सांघी गावात तर भाऊ लढाईतून निसटून तिथे साधू होऊन राहिले, अशी आख्यायिका आजही सांगतात. माझ्या मते याचं उत्तर पुराव्याच्या कमजोरीत नाही, त्याच्या प्रवासात आहे. पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव यांचं शव पूर्ण होतं, चेहरा होता. अफगाण ते पेंढा भरून काबूलला नेऊ पाहत होते. शुजाने मध्ये पडून ते सोडवलं आणि त्याचा अग्निसंस्कार झाला. त्यांच्याबद्दल संशय उरला नाही. भाऊंच्या बाबतीत पुण्याच्या हाती काय आलं? बातमी. देह पानिपतावरच जाळला गेला. ज्यांनी खुणा तपासल्या ते, मराठ्यांचे वकीलसुद्धा, तेव्हा परक्याच्या छावणीत होते, आणि ज्यांच्या पाठीवरच्या वणाबद्दल पुण्यातला एखादा जुना खिदमतगार शपथेवर सांगू शकला असता, त्यांचं धड पुण्यात बसलेल्या एकाही माणसाने पाहिलं नाही. मोती, डाग आणि वण यांची साक्ष नर्मदेपलीकडे पोचेपर्यंत ऐकीव होऊन गेली. नानासाहेब पेशवे जूनमध्ये वारले, आणि घरात हा प्रश्न धसाला लावील असं वडीलधारं माणूस उरलं नाही.

या फटीतून तोतया आत शिरला. कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान. लढाईनंतर काही वर्षांतच तो उत्तरेत भाऊ म्हणून प्रकटला. त्याला पकडून आणलं, पुढे रत्नागिरीला कैदेत ठेवलं. १७७६ मध्ये तिथला अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे त्याला सामील झाला आणि कैदी बाहेर पडून कोकणात स्वारी करू लागला. किल्ले त्याच्या ताब्यात गेले, हजारोंनी लोक जमले, बोरघाटापर्यंत त्याने मजल मारली. यात सगळेच भोळे नव्हते. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरच्या त्या दिवसांत कारभार हाती घेतलेल्या बारभाईंवर राग असणाऱ्यांना एक नाव हवं होतं, आणि भाऊंइतकं मोठं नाव दुसरं कुठे मिळणार? पण राजकारण कितीही असलं, तरी आधी भाऊ मेले नसतील असं मानणारा समाज होता, म्हणूनच ते राजकारण चाललं. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. पळताना तो रघुजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी याच प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ नाटक लिहिलं, म्हणून आपल्याला तो निदान नावाने ठाऊक आहे.

मोत्यांच्या पुराव्यात खोट होती, म्हणूनच तोतया निघाला, असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. नांसीच्या लढाईत १४७७ मध्ये बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स पडला. दोन दिवसांनी सापडलेला देह नागवा, गोठलेला, चेहरा लांडग्यांनी खाल्लेला. अंगावर एक वस्तू नव्हती. त्याच्या वैद्याने जुन्या जखमा, पडलेले दात आणि वाढवलेली नखं यांवरून तो ओळखला, आणि शत्रूनेच त्याला इतमामाने पुरलं. तरीही तो जिवंत आहे असं म्हणणारे लोक पुढे बरीच वर्षं होते. वस्तू असो वा नसो, खुणा पक्क्या असोत वा कच्च्या, अफवेला त्याच्याशी देणंघेणं नसतं. मात्र हाताशी विश्वासाचा साक्षीदार आणि त्याची नोंद असेल, तर अफवेचं बंड होण्याआधी तिला अडवता येतं.

आजचं पोलीस खातं चालवणारा माणूस हे शिकलेला आहे. बेवारस प्रेत सापडलं की पंचनामा होतो. कपड्यांचा रंग, शिंप्याची चिठ्ठी, गळ्यातला दोरा, गोंदण, खिशातलं तिकीट हे सगळं दोन पंचांसमोर लिहून घेतात, आणि चीजवस्तू मोहोरबंद करून जपून ठेवतात. कोणी नातलग पुढे आला, तर त्याने खूण आधी सांगायची, वस्तू मागाहून दाखवायची, असा शहाणा अधिकारी आग्रह धरतो. हे सरकारी कंटाळवाणं काम वाटतं. पण १७६१च्या जानेवारीत पानिपतावर हेच घडलं असतं, म्हणजे मोती आणि वणाची नोंद पुण्याच्या दोन माणसांसमोर झाली असती आणि ती त्यांच्याच हाती घरी पोचली असती, तर रत्नागिरीच्या कैद्याला सुखनिधान म्हणूनच मरावं लागलं असतं.

सांघीला जाणाऱ्याने तिथे भाऊंच्या नावाने हात जोडावेत, श्रद्धेला हरकत नाही. पण पुराव्याचा प्रश्न विचारला, तर माझा कौल स्पष्ट आहे. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१लाच पडले, आणि भिस्त्यांनी धुतलेलं ते धड त्यांचंच होतं.