‘नो लिमिट’ : एक शर्यतपट आणि लँकेशायरची बोली

१९३५ साली प्रदर्शित झालेला ‘नो लिमिट’ हा ब्रिटिश बोलपट केवळ विनोदपट म्हणूनच ओळखला जातो. मोटारसायकलींची शर्यत, तीतील चुरस आणि एका तरुणीवरील प्रेम एवढेच त्याचे कथानक. तथापि श्रमिकांची बोली ब्रिटनच्या पडद्यावर कोणत्या अटीवर प्रविष्ट झाली, याचा तो महत्त्वाचा पुरावा होय.

शर्यत मॅन बेटावरील आहे. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमधील रस्त्यांवर ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती. मॅनच्या ‘टिनवाल्ड’ या स्वतंत्र विधिमंडळाने मात्र १९०४ मध्ये शर्यतींसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्याची मुभा दिली. मोटारसायकलींची ‘टूरिस्ट ट्रॉफी’ तेथे १९०७ मध्ये सुरू झाली. ब्रिटनने १९३० मध्ये ती मर्यादा उठविली; परंतु १९३५ च्या मार्चमध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची नवी मर्यादा आली. त्याच वर्षी ‘मर्यादा नाही’ या नावाचा बोलपट निघावा, यातील रोख प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नसेल.

नायक जॉर्ज शटलवर्थ हा विगनचा. धुराडी साफ करणाऱ्याच्या हाताखाली राबणारा. ‘रेनबो’ कंपनी दाद देत नाही, म्हणून तो स्वतःच गाडी जुळवतो आणि बेटावर जातो. कंपनीतील चिटणीस फ्लॉरी हिच्यावर त्याचे मन जडते. तिच्यावर डोळा ठेवणारा बर्ट टिल्ड्स्ली हा कंपनीचा नामांकित स्वार. शेवटी जॉर्ज गाडी ढकलीत रेषा ओलांडतो व जिंकतो. (वास्तवही काही कमी नाट्यमय नव्हते : त्या वर्षीच्या ‘सीनियर’ शर्यतीत स्टॅन्ली वुड्सने जिमी गथ्रीवर अवघ्या ४ सेकंदांनी मात केली.)

नायकाची भूमिका जॉर्ज फॉर्मबी या विगनमध्येच जन्मलेल्या नटाने केली. दक्षिणेकडील प्रमाण उच्चारात ‘कप’, ‘लव्ह’ या शब्दांतील स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा; लँकेशायरात तो ऱ्हस्व ‘उ’कडे झुकतो. म्हणजे प्रेम हा शब्दच नायकाच्या तोंडी निराळा. शटलवर्थप्रमाणेच टिल्ड्स्ली हेही लँकेशायरातील ग्रामनाम आहे. पण जॅक हॉब्जने रंगविलेला बर्ट बोलतो ते नागर उच्चारांत. दोघांमधील अंतर गावाचे नाही, वर्गाचे आहे, आणि ते प्रेक्षकाला कानांनीच कळते. बी.बी.सी.ने १९२६ मध्ये उच्चारनिश्चितीसाठी समिती नेमली होती, त्या काळात हा गावंढळ उच्चार नायकाचा ठरला, हे लहान नव्हे.

मात्र त्याची अट हास्याची होती. या बोलपटाची कथा वॉल्टर ग्रीनवुडची. सॅलफर्डमधील बेकारीचे चित्रण करणारी त्याची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी १९३३ मध्ये गाजली होती. तीच माणसे आणि तीच बोली. परंतु त्या कादंबरीवर चित्रपट काढण्याचा प्रस्ताव परिनिरीक्षण मंडळाने १९३६ मध्ये अमान्य केला. बेकार आणि पोलीस यांच्यातील झटापट मंडळास आक्षेपार्ह वाटली. विगनच्या माणसाने चिखलात लोळून हसवावे, यास कोणाचा आक्षेप नव्हता. त्याने त्याच भाषेत काम मागणे मात्र पडद्यावर नको होते. तो चित्रपट अखेर १९४१ मध्ये, ऐन युद्धकाळात निघाला. तोवर कारखान्यांना माणसे अपुरी पडू लागली होती.