इंटासोम
विषाणूचा डीएनए पोषक कोशिकेच्या डीएनएशी जोडला जाण्यापूर्वी त्यावर प्रथिनांची जी ठराविक जुळणी होते, तीस ‘इंटासोम’ म्हणतात. ही संकल्पना लॅम्डा या सूक्ष्मजंतुभक्षक विषाणूच्या अभ्यासातून उदयास आली.

एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या के-१२ वाणात लॅम्डा सुप्तावस्थेत असतो, हे एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये दाखविले. लॅम्डाचा डीएनए वर्तुळाकार होऊन पोषकाच्या गुणसूत्रात ठराविक स्थळी अखंड समाविष्ट होतो, असे अनुमान ॲलन कॅम्पबेल यांनी १९६२ मध्ये मांडले. ते पुढे खरे ठरले. तथापि हे दोन डीएनए एकत्र कसे येतात व अचूक कसे सांधले जातात, याचा उलगडा त्यावरून होत नव्हता.

हॉवर्ड नॅश यांनी १९७५ मध्ये ही क्रिया परीक्षानलिकेत घडवून आणली. तीस लॅम्डाचे इंटिग्रेज हे एंझाइम पुरेसे नसून पोषकाचे आयएचएफ हे प्रथिनही लागते आणि विषाणूचा डीएनए स्वतःभोवती अधिक पिळलेला असावा लागतो, असे आढळले. हा पीळ देणाऱ्या घटकाचा शोध घेतानाच १९७६ मध्ये डीएनए गायरेज हे एंझाइम सापडले. दोन्ही संयोगस्थळी क्षारकांच्या १५ जोड्यांचा क्रम समान असतो, हे आर्थर लँडी व विल्मा रॉस यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. मात्र सूक्ष्मजंतूचे स्थळ सु. २५ जोड्यांचे, तर विषाणूचे सु. २४० जोड्यांचे असते.

या विषमतेचा अर्थ नॅश व त्यांचे सहकारी यांच्या १९८८ मधील प्रयोगांनी स्पष्ट झाला. प्रथिने आधी केवळ विषाणूच्या लांब स्थळावर जमतात व असा तयार झालेला इंटासोम सूक्ष्मजंतूचे प्रथिनरहित स्थळ पकडतो. आयएचएफ डीएनएस १६०° हून अधिक वाकविते, हे त्याच्या १९९६ मधील स्फटिकरचनेवरून दिसून आले. या वाकामुळे दूरचे भाग जवळ येतात व इंटिग्रेजचा एकच रेणू दोन निराळ्या प्रकारच्या बंधनस्थळांस एकाच वेळी धरू शकतो. मग इंटिग्रेजचे चार रेणू दोन्ही डीएनएंचे धागे टप्प्याटप्प्याने तोडून अदलाबदलीने जोडतात. त्यासाठी बाहेरून ऊर्जा लागत नाही.

एचआयव्हीच्या इंटिग्रेजची रासायनिक क्रिया वेगळी असली, तरी तेही विषाणूच्या डीएनएच्या टोकांवर जुळूनच कार्य करते. अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळालेले राल्टेग्राव्हिर हे औषध सुट्या एंझाइमाऐवजी या जुळणीसच बद्ध होऊन तिचे कार्य रोखते. एका सूक्ष्मजंतुभक्षकापासून सुरू झालेल्या या विचाराचे महत्त्व त्यावरून दिसून येते.