मार्का खिशात, मंदी दारात

आज १ जुलै १९९१, सोमवार. तुम्ही हेलसिंकीच्या एस्प्लनाडी बागेत उभे आहात. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, टोकाला बंदर, आणि उन्हाळ्याचा असा उजेड की घड्याळ पाहिल्याशिवाय दुपार की संध्याकाळ ते कळू नये. खिशात फिनिश मार्काच्या काही नोटा आहेत. त्या लवकर खर्चून टाका. नोव्हेंबरात त्यांची किंमत एका फटक्यात १२ टक्क्यांनी उतरणार आहे. रुपयांत बदलून घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा, कारण नेमकं आजच मुंबईत रिझर्व्ह बँक रुपयाचं अवमूल्यन करते आहे.

समोर हारी होल्केरी फोनवर बोलताहेत. एप्रिलपर्यंत हे गृहस्थ देशाचे पंतप्रधान होते. पलीकडे टाम्परे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनिओ. बोलणं तीन मिनिटांच्या जरासं वर जातं. जीएसएम या मोबाइल मानकाच्या जाळ्यावरचा हा जगातला पहिला कॉल. जाळं राडिओलिन्या नावाच्या नव्या खासगी कंपनीचं, यंत्रसामग्री नोकियाची. पुढचं सगळं ठाऊक असल्यामुळे तुमच्या अंगावर काटा येतो. शेजारच्या बाकावरचा माणूस मात्र मान वर करून एकदा बघतो आणि पुन्हा पेपरात डोकं घालतो.

त्याच्याजवळ बसा. तो बोलणार नाही, इथे अनोळखी माणसाशी कोणी उगाच बोलत नाही. पण त्याची चिंता समजायला फार बोलावं लागत नाही. वर्षानुवर्षं सोव्हिएत संघाकडून तेल यायचं आणि बदल्यात जहाजं, कागद, बूट, केबली जायच्या. रोकड हलायचीच नाही, वहीतच जमाखर्च जुळवायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडची जवळपास चौथाई निर्यात या एका गिऱ्हाइकाकडे जात होती. १९९० सरताना तो करार संपला. १९९१ सरताना गिऱ्हाईकच नकाशावरून पुसलं जाईल. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे बँका. कर्जावरची बंधनं उठल्यावर परकी चलनातलं स्वस्त कर्ज धंदेवाल्यांनी हौसेने उचललं होतं. मार्का घसरेल तशी ती कर्जं फुगतील. सप्टेंबरात स्कॉपबँक देशाच्या मध्यवर्ती बँकेला ताब्यात घ्यावी लागेल.

आणि ज्या कंपनीच्या यंत्रांवरून आत्ता कॉल झाला, ती? नोकिया या क्षणी अडगळीचं दुकान आहे. १८६५मध्ये टाम्परेच्या धबधब्याशी कागदाची गिरणी म्हणून सुरू झालेली, पुढे रबर आणि केबलचे कारखाने पोटात घेतलेली, अलीकडे टीव्हीच्या धंद्यात हात पोळून बसलेली. याच वर्षी तिचे मोठे भागधारक तिला स्वीडनच्या एरिक्सनच्या गळ्यात मारायला बघताहेत, आणि एरिक्सन नको म्हणते. इतिहासात नकारांचेही पुतळे उभारायला हवेत.

आता दीड वर्ष पुढे आणि सहाशे किलोमीटर उत्तरेला चला. ओउलू, जानेवारी १९९३. कानटोपी खाली ओढा. सूर्य दहाच्या सुमाराला उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. वारा फिरला की लगदा-कागदाच्या गिरणीचा गंधकाचा दर्प नाकात बसतो. हे एकेकाळचं डांबराचं गाव. इथल्या पाइनच्या लाकडातून काढलेलं डांबर युरोपभरच्या शिडाच्या जहाजांना लागायचं. लोखंडी जहाजं आली, डांबर गेलं. धंदा बुडणं काय असतं हे या गावाला कोणी शिकवायला नको.

देशात १९९०ला बेकारी साडेतीन टक्क्यांच्या आत होती. आता काम मागणाऱ्या दर सहा माणसांत एक रिकामा आहे. एस्को आहो यांचं सरकार दिसेल तिथे कात्री लावतं आहे. तुम्ही महाराष्ट्रातून आला आहात, त्यामुळे पुढे काय होणार याचा तुमचा अंदाज ठरलेला असेल: पहिली गदा संशोधनावर येणार, कारण प्रयोगशाळा मोर्चा काढत नाहीत.

इथेच तुमचा अंदाज चुकतो. गावाबाहेर लिनानमा नावाच्या भागात जा. १९५९मध्ये सुरू झालेलं विद्यापीठ तिथे आहे. एवढ्या उत्तरेला विद्यापीठ कशाला, म्हणून तेव्हा नाकं मुरडणारे कमी नव्हते. त्याला लागून सरकारी संशोधन संस्था व्हीटीटीची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा, १९७४ची. आणि पावलं मोजावीत इतक्या जवळ टेक्नोपोलिस, १९८२मध्ये उभं राहिलेलं, नॉर्डिक देशांतलं पहिलं तंत्रज्ञान-केंद्र. एका खोलीत शिरा. टेबलावर तळहाताएवढा हिरवा सर्किट बोर्ड, त्यावर भिंग, शेजारी स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या पडद्यावर थरथरणारी रेघ. ती रेघ एका ठिकाणी नको तितकी वर उठते आहे. म्हणजे हा बोर्ड शेजारच्या लहरींत लुडबूड करतो, म्हणजे तो बाजारात जाणार नाही. तिशीतला इंजिनीअर एक बारीक घटक उकरून काढतो, दुसरा डागतो, पुन्हा पडद्याकडे बघतो. तासभर हेच. कॉफीचा मग रिकामा होतो, भरतो. नवनिर्मिती म्हणतात ती जवळून अशीच दिसते, अतिशय कंटाळवाणी.

त्याचा पगार कुठून येतो ते बघा, कारण गोम तिथे आहे. त्यातला काही वाटा टेकेसचा. टेकेस ही १९८३मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था, तंत्रज्ञानाच्या संशोधनाला पैसे देणारी. तिच्या मोठ्या कार्यक्रमांत कंपन्यांनी विद्यापीठाला आणि छोट्या उद्योगांना सोबत घेऊन काम करावं, असा आग्रह असे. बालभत्त्यापासून शाळांपर्यंत सगळीकडे कपात होत असताना या संस्थेचं अंदाजपत्रक मात्र वाढत गेलं. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, हे शहाणपण आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अर्थमंत्र्यांना ते सुचणं दुर्मीळ. १९९१च्या सुमाराला राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण दोन टक्के संशोधनावर खर्च होत होते. दशक संपताना ते प्रमाण तीनच्या वर गेलं.

अर्थात एकट्या संशोधनाला सगळं श्रेय देणं हा भाबडेपणा होईल. सप्टेंबर १९९२मध्ये सरकारने मार्का मोकळा सोडला, तो आणखी आपटला, आणि फिनिश माल परदेशात एकदम स्वस्त झाला. युरोपने जीएसएम हे एकच मानक ठरवल्यामुळे ओउलूत जमलेला बोर्ड लिस्बनमध्येही चालणार होता. आणि १९९२च्या जानेवारीत नोकियाची सूत्रं हाती आलेल्या योर्मा ओल्लिला यांनी बाकीचे धंदे एकेक करून विकायचं ठरवलं. नशीब, धोरण आणि हिंमत यांची वाटणी नेमकी कशी करायची, यावर अर्थतज्ज्ञ भांडत बसोत.

१९९४मध्ये दक्षिणेला सालोत डोकवा. टीव्ही-रेडिओ बनवणारं हे छोटं गाव आता मोबाइल फोन बनवतं. २१०० मालिकेचे ४ लाख फोन विकावेत असं नोकियाचं उद्दिष्ट होतं. विकले गेले सुमारे २ कोटी. १९९८ला नोकिया जगातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी होते. २०००मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला चार टक्क्यांच्या आसपासचा वाटा या एका कंपनीचा. तीन वर्षांनी आलेला ११०० तर तुम्ही स्वतः वापरला असेल. भारनियमनाच्या रात्री त्याच्या टॉर्चच्या उजेडात आपल्याकडे किती घरांत ताटं वाढली गेली! पण त्या २०००मध्येही फिनलंडची बेकारी दहा टक्क्यांच्या जवळच होती. जंगलातलं आणि बांधकामावरचं काम गेलेला पन्नाशीचा माणूस स्पेक्ट्रम अॅनालायझरसमोर जाऊन बसला नाही. मंदीत ज्यांचं गेलं आणि मंदीनंतर ज्यांना मिळालं, ती बरीचशी वेगळी माणसं होती. यशाच्या गोष्टीत हे वाक्य सहसा गाळलं जातं.

शेवटचा मुक्काम २०१४. एप्रिलमध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे जातो, जुलैत कपात जाहीर होते, ओउलूतलं फोनचं काम बंद पडतं. पुढच्या वर्षी सालोचाही निकाल लागतो. घर फिरलं की वासे फिरतात, ते दोन्ही गावांत फिरले. मात्र त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ओउलूत कामावरून सुटलेले इंजिनीअर गावातच राहिले. काहींनी नोकियाच्याच योजनेतून माणशी २५,००० युरोपर्यंतचं भांडवल घेऊन स्वतःच्या कंपन्या काढल्या. झोप मोजणारी ओउरा अंगठी ज्या कंपनीची, ती २०१३ची, ओउलूचीच. २०१८मध्ये विद्यापीठाने सिक्स-जीवरचा मोठा संशोधन कार्यक्रम सुरू केला, आणि मोबाइल जाळ्यांची यंत्रं बनवणारी नोकिया आजही तिथे आहे. सालोत रिकाम्या कारखान्याच्या आवारात आयओटी कॅम्पस उभारला गेला, पण गावाला सावरायला फार जड गेलं.

माझ्या मते फरक एवढाच: सालोकडे कारखाना होता. ओउलूकडे कारखाना यायच्या आधीपासून विद्यापीठ होतं, आणि वाईट दिवसांतही कोणी त्याचं पाणी तोडलं नव्हतं.