तोफांचे तेलमेण

सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसलेल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि ज्या रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तो गडही पावसाळ्याचे चार महिने मेघांनी वेढलेला असतो. या मुलखातील रायगड, मंगळगड, चंद्रगड अशा दुर्गांवरील लोहसामग्रीला परचक्राइतकेच आर्द्रतेचेही भय होते. कारण परचक्र क्वचित येई, पाऊस मात्र दर साली मृगाबरोबर हजर होई.

या नित्याच्या वैऱ्याविरुद्ध मराठी राज्याने केलेली तजवीज रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात नमूद आहे. राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत असलेल्या आणि पुढे राजारामांच्या कारकिर्दीत हुकुमतपनाह, म्हणजे सर्वाधिकारी, झालेल्या या मुत्सद्द्याने १७१५च्या सुमारास जी राजनीती ग्रथित केली, तिच्यातील दुर्गप्रकरणी अशी आज्ञा आहे की, पर्जन्यकाळी तोफांस व दरवाजांस तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने भरावेत आणि वर पुरेसे आच्छादन घालून त्या जाया होऊ देऊ नयेत. पाणी आणि प्राणवायू यांचा लोखंडाशी संयोग झाल्यावाचून गंज धरत नाही, आणि तेलामेणाचा लेप तो संयोगच टाळतो. काना, म्हणजे बत्ती द्यावयाचे छिद्र, बुजविण्यात तर विशेष मर्म आहे. कारण उडालेल्या दारूचा नळीत राहिलेला क्षार ओल शोषतो, आणि छिद्रावाटे पाणीही आत उतरले, तर बाहेरून धडधाकट दिसणारी तोफ आतून झिजत जाऊन ऐन प्रसंगी गोलंदाजाच्याच प्राणावर बेतते.

परंतु या आज्ञेचे खरे सामर्थ्य जबाबदारीच्या वाटणीत आहे. दारूची मडकी आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष बाहेर काढवून, त्यांस ऊन देऊन, पुन्हा मुद्रा करून ठेवावीत, असा दंडक अमात्यांनी घातला. कोणी, काय आणि किती दिवसांनी पाहावयाचे हे ठरलेले असल्यामुळे निगा ही कोणाच्या लहरीवर न राहता राज्यकारभाराचे अंग बनली.

विमानांची निगा राखणारे कारागीर आज याच मार्गाने चालतात. समुद्राजवळच्या तळांवरील विमाने ते गोड्या पाण्याने धुऊन क्षार घालवितात, सांध्यांत मेणयुक्त संरक्षक द्रव्य फवारतात, उभ्या विमानाच्या वेगमापक नळ्यांवर व इंजिनांच्या मुखांवर झाकणे चढवितात, आणि केलेल्या कामाची नोंद सहीनिशी ठेवतात. ही शिस्त ढळली की काय ओढवते, हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसले. अलोहा कंपनीच्या बोईंग ७३७ विमानाच्या पत्र्यांचे जोड सुटून त्यांत गंज शिरला होता, रिव्हेटांलगत भेगा वाढल्या होत्या, आणि त्या दिवशी छताचा मोठा भाग आकाशातच उडून जाऊन एका विमानसेविकेचा अंत झाला. चौकशीने मुख्य ठपका ठेवला तो ही हानी वेळेवर हुडकू न शकणाऱ्या देखभालीवर.

रणांगणावरील शौर्याचे पोवाडे गाणाऱ्या समाजाने तोफेला मेण लावणाऱ्या हाताचीही कृतज्ञतेने नोंद ठेवली पाहिजे, कारण त्या हाताच्या निष्ठेवाचून शौर्याला शस्त्रच उरत नाही. रायगडावर आजही ज्या तोफा दृष्टीस पडतात, त्यांच्या पालनकर्त्यांनी, आणि गडावर जाणाऱ्या प्रत्येक इतिहासप्रेमी संस्थेने, अमात्यांची ही आज्ञा कालबाह्य न मानता दर पावसाळ्यापूर्वी जाणकारांच्या देखरेखीखाली अमलात आणावी.